खिडकीतला पेला

३ फेब्रुवारी, सकाळ
लेकीने चहा घेताना सांगितलं की तिला लग्न करायचंय. कोणाशी, तर आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टवाल्याशी. मी पेपरची घडी घातली, चष्मा पुसला. गेली कित्येक वर्षं पेपरात ‘समदृष्टी’ हा कॉलम लिहितो आहे तो काही उगाच नाही. चित्त यत्किंचितही ढळलं नाही. एवढंच विचारलं, की लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट कंपनीचा मालक का. ती म्हणाली, नाही बाबा, जो दर महिन्याला ग्रीस लावायला येतो तो. मी म्हटलं, छान. आवाज जरा चिरका आला, पण तो घशाचा दोष.
ही आतून म्हणाली, गुळण्यांना मीठपाणी देऊ का?

त्याच दिवशी, संध्याकाळ
संकल्प. यापुढे ‘लिफ्टवाला’ म्हणायचं नाही, ‘मेकॅनिक’. त्याचं शिक्षण, पगार विचारायचा नाही. भाऊबंदांना आपण होऊन कळवायचं, मान ताठ ठेवून. (लग्न झाल्यावर.)

७ फेब्रुवारी
आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक स्टीलचा पेला पालथा असतो. प्लंबर, सुतार आणि अर्थात मेकॅनिक, यांना चहापाणी त्यातून. माझ्या आईच्या काळापासूनची शिस्त. यात भेदभाव नाही, निव्वळ आरोग्यशास्त्र आहे. लेक म्हणाली, मग डॉक्टरकाका दिवसभर आजारी माणसं हाताळून येतात, त्यांना बरी काचेची कपबशी? प्रश्न मार्मिक आहे. कॉलमला वापरता येईल.
तरी पेला काढून टाकायचं ठरवलं. रविवारी मेकॅनिक त्याच्या आईला घेऊन येणार आहे. त्याच्या आत, नक्की.

९ फेब्रुवारी
कपांचा नवा सेट आणला. सहा कप, सोनेरी कड. दुकानदार म्हणाला, खास पाहुणे वाटतं? म्हटलं, छे हो, घरचीच माणसं. स्वतःवरच खूश झालो.
पेला अजून खिडकीत. ही म्हणते, काढा की, हात आहेत ना? म्हटलं, एवढ्याशा गोष्टीचं अवडंबर नको. उद्या बघू.

११ फेब्रुवारी, रविवार
बैठक उत्तम झाली!
मेकॅनिक कडक इस्त्रीच्या शर्टात. त्याची आई शाळेचे गणवेश शिवते. बोलते कमी, बघते फार. सोफ्यावर बस म्हटलं, तर तो दाराजवळच्या स्टुलावर टेकला. कामाला आला की तिथेच बसतो. मी आग्रह केला नाही. ज्याला जिथे मोकळं वाटेल तिथे त्याने बसावं. शिक्षण, पगार, काही विचारलं नाही. घर भाड्याचं का, एवढंच विचारलं.
चहा मी स्वतः गाळला, स्वतः ट्रेमधून आणला, स्वतः हातात दिला. ही आणि लेक बघतच राहिल्या. घरच्या कर्त्या पुरुषाने ट्रे आणलेला कुठे बघायला मिळतो बिचाऱ्यांना!
आणि मुलगा तर हिरा. चहा झाल्यावर न सांगता उठला, आत जाऊन आपला पेला विसळला आणि खिडकीत पालथा घालून आला. संस्कार म्हणतात ते याला. मी सगळ्यांसमोर तोंडभरून कौतुक केलं. लेकीचे डोळे भरून आले. त्याची आई म्हणाली, निघतो आम्ही, बस चुकेल. साधी माणसं.

१२ फेब्रुवारी
सकाळपासून भांडी आपटली जात आहेत. कारण विचारलं. ही म्हणाली, ट्रेमध्ये चार नवे कप नेलेत आणि पाचवा तो पेला. तोही त्या पोरालाच दिलात. आणि सेटमधले दोन कप आत तसेच कोरडे! म्हटलं, शक्यच नाही. मग आठवून पाहिलं. शक्य आहे.
पण यात मी कुठे आलो? हात आला. माणसाचा आचार मानसिक, वाचिक आणि कायिक असा तीन प्रकारचा. पहिले दोन माझे निर्दोष आहेत. हात लहानपणी आईच्या हाताखाली वाढला, त्याला माझे कॉलम वाचता येत नाहीत. ही म्हणाली, मग लेकीची समजूत काढायला हातालाच पाठवा.
मी विचारलं, त्या मुलाला तरी कुठे राग आला? मुकाट प्यायलाच ना? ही म्हणाली, तेच तर पोरीला सोसत नाहीये.
माफी मागणं फार उथळ. मी लिहीन.

१५ फेब्रुवारी
कॉलम छापून आला. ‘आमच्या घरची समता’. नावं अर्थातच नाहीत. ‘आमच्या बिल्डिंगचा लिफ्ट मेकॅनिक, जो लवकरच आमचा जावई होईल,’ एवढंच. पेला विसळण्याचा प्रसंग शेवटी, हृद्य उतरला आहे. संपादक म्हणाले, गलबलून आलं. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी तर कात्रण लिफ्टमध्ये चिकटवलं.
लेकीने कॉलम वाचला. तिच्या खोलीचं दार जोरात लागलं. वारा असावा.

१९ फेब्रुवारी
जावईबापू फोन उचलत नाहीत. कामात असतील. आज लिफ्टला दुसराच माणूस आला. चौकशी केली. म्हणाला, त्याने एरिया बदलून घेतला साहेब. वर्कशॉपात पोरं पिडतात त्याला, काय जावई, भांडी झाली का घासून?
अशिक्षितांची थट्टा. कॉलममध्ये समाचार घ्यावा का?

२२ फेब्रुवारी
लेक समोर येऊन बसली. शांत होती, म्हणून मी आशीर्वादाची वाक्यं जुळवायला घेतली. ती म्हणाली, त्याने लग्नाला नकार दिलाय. मला म्हणाला, तुझ्यावर राग नाही. पण तुमच्याकडे कितीदाही आलो तरी मी उठून पेला विसळीनच, माझाही हात तसाच वाढलाय. आणि तुझे वडील दर वेळी कौतुक करतील. राग झेपला असता म्हणाला, कौतुक नाही झेपत.
मी म्हटलं, मी जाहीर खुलासा करतो, पुढच्याच कॉलममध्ये. ती म्हणाली, बाबा, पाया पडते, लिहू नका.
विनयशील आहे. माझ्यावर गेली.

२५ फेब्रुवारी
लेक मैत्रिणीकडे राहायला गेली. हवापालट. बॅगा मात्र भारी होत्या. मी उचलायला गेलो तर म्हणाली, नको, मी नेते.

४ मार्च
आज पेला खिडकीतून काढला. स्वतः! हिला बोलावून दाखवलं. ही म्हणाली, आता कोणासाठी?

१७ मार्च, रविवार
लेक आली होती!! किल्ली जवळ असून बेल वाजवून आली. सोफ्याच्या कडेवर नीट बसली. पाणी विचारलं तर म्हणाली, राहू द्या, उगाच त्रास. आपल्या खोलीत जायच्या आधीसुद्धा आईला विचारलं, जाऊ का? सर्टिफिकेटं आणि उरलेले कपडे घेतले. मी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं, पण विषय उकाड्याचा निघाला आणि उकाड्यावरच संपला. एकंदरीत भेट सौहार्दाची.
जाताना घराची किल्ली टेबलावरच राहिली तिची. धांदरट आहे लहानपणापासून. उद्या मी स्वतः नेऊन देईन म्हणतो, त्या निमित्ताने सविस्तर बोलणं होईल. हिला तिचा पत्ता विचारला.
ही म्हणाली, देऊ का ते तिला विचारते.