डब्यांना साहेब नको

शेषेराव, नांदेडच्या हापिसात हुकूम ऐकायला माणसं कमी पडली का, म्हणून आमच्या डब्यांचा साहेब झालास? मंगळवारी तुझीच पोरगी वर्षाराणी लातुरात उपाशीपोटी परीक्षेला बसली, ते तुझ्या साहेबकीनं.

बरं. चिरंजीवास आईचा आशीर्वाद. गुडघे दुखतेत, म्हणजे मी हाय. सूनबाई सौदामिनी खुशाल असेल (तू दिवसभर हापिसात असतोस, म्हणून म्हणते).

भूकंपानंतर आपण पत्र्याच्या शेडात होतो. साहेब लई आले नि गेले; भाकरी मात्र ह्या हातातून त्या हातात अशीच पोचली. आता लातुरात क्लाससाठी हॉस्टेलात राहणाऱ्या लेकरांसाठी तीच रीत. औशाकडच्या गावांतल्या बायका डबे भरतेत, ओळखू यावा म्हणून कडीला आपापल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधतेत. यष्टीचा कंडक्टर गुरुपादप्पा ते नेतो, लातूर स्टँडवर सिंधु चहावाली उतरून घेते, माणिकप्पा सायकलवरून हॉस्टेलात वाटतो. कोणी कोणाचं नोकर न्हाई. माणिकप्पाचं तोंड मी अजून बघितलं न्हाई. मागच्याकडून घ्यायचं, पुढच्याला द्यायचं. अडलं तर ज्याच्या हातात डबा, त्याची अक्कल. एकदा गाडी नाल्यावर बंद पडली, तर गुरुपादप्पानं डबे वऱ्हाडाच्या टेम्पोत चढवले. वऱ्हाडाला उशीर झाला, डब्यांना न्हाई. लई कौतुक वाटतं मला ह्या लोकांचं. (त्यांना सांगू नको, चढतील.)

त्यात दिवाळीला तू आलास. "आई, जबाबदार माणूस एकच पाहिजे!" काही बदलायचं तर आधी तुला फोन. मंगळवारी गाडी पंक्चर झाली. दुधाचा टेम्पो थांबला बी होता. पण गुरुपादप्पा सरळ माणूस, तुला विचारायला एसटीडीचा फोन शोधत गेला. साहेब मिटिंगमध्ये! टेम्पो गेला, भाजी उन्हात आंबली. वर्षाराणी म्हणायली, "आजी, मेसचं खाऊन पोट बिघडतंय, डब्याचा भरवसा नाही. मी क्लास सोडते." रविवारपर्यंत कशीबशी थोपवलीय.

तुझी आई,
केवळाबाई

ता. क. बुधवारपासून तुला कोणी विचारत न्हाई. संध्याकाळी फोन येतो तो निव्वळ तुझ्या समाधानाला. तू "ठीक आहे, पाठवा" म्हणतोस, तवर डबे घासून पालथे पडलेले असतेत.

आणखी एक. रविवारी माणिकप्पाच्या लेकीचं लग्न हाय. त्याची जागा आम्ही तुला दिली. लातूरला ये, सिंधुकडून डबे घे, त्याच्याच सायकलवरून हॉस्टेलात पोचव. मधे कोणाला काही शिकवू नको. आणि उत्तर तू लिहायचं न्हाई. भाजी गरम होती का, ते वर्षाराणीनं लिहायचं.