लिंबू परत आलं

३ मार्च
आलं! लिंबू आलं! सात महिन्यांनी! कोरोना जाताना माझा वास घेऊन गेला होता. चार बाटल्या — गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी — रोज सकाळी हुंगायच्या, असं डॉक्टरीणबाईंनी लावून दिलंय. इतके दिवस ढिम्म काही नाही. आज झाकण काढलं आणि लिंबू! धाकट्या बहिणीला हाका मारल्या. तोंडात ब्रश तसाच, धावत आली. म्हणे, पडलीस की काय!

६ मार्च
लवंगही! आज घरात नुसती नाचतेय मी.

९ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वास नाकात शिरतो, पण कळतो मेंदूला. या आजाराने तिथलीही घडी विस्कटते." मग विचारलं — विसरायला होतं का? मी म्हटलं, छे! धाकटी मध्येच, "एकच गोष्ट तीनतीनदा सांगते." चोंबडी! आनंदाची गोष्ट माणूस दहादा सांगतं.

१२ मार्च
साबणाच्या कारखान्यात फोन केला. बावीस वर्षं वासाची तपासणी माझ्याकडे. मी मान हलवल्याशिवाय एक वडी बाहेर पडायची नाही. साहेब म्हणाले, "सोमवारी या. वास लावलेल्या कागदी पट्ट्या हुंगून ओळखून दाखवा, खुर्ची तुमचीच." नाही जमलं तर पॅकिंगला बसवतील. ते बोलले नाहीत, पण मला कळतं.

१६ मार्च
उद्या! पावडर नाही, तेल नाही, आंघोळीला साबणसुद्धा बिनवासाचा. धाकटी हसते. हसू दे.

१७ मार्च
सहा पट्ट्या. माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी आता माझ्या जागी बसते. तीच पाकिटातून एकेक काढून देत होती. मी धडाधड सांगत सुटले — चंदन, लिंबू, लॅव्हेंडर, गुलाब, पुदिना, पुन्हा चंदन. एकदाही अडले नाही! तिने सगळं लिहून घेतलं, मान काही वर केली नाही. लाजते अजून मला. खुर्ची आलीच म्हणायची!

१८ मार्च
कारखान्यातली ती मुलगी घरी आली होती. सहाही पट्ट्या कोऱ्या होत्या.

आमच्या कारखान्यात म्हणे पद्धतच आहे — परीक्षेच्या पहिल्या दिवशी सगळ्या कोऱ्याच, बिनवासाच्या द्यायच्या, 'काही येत नाही' असं खरं कोण सांगतं ते बघायचं. मी चिडले. विचारलं, असली पद्धत पाडली कुणी?

ती रडायलाच लागली. "ताई, तुम्हीच."

मला नाही आठवत.