शाफ्टचा आधार

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

सदुसष्टाव्या वर्षी नोकरी लागली, आणि तीही विमानांची! हितेंद्रचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हा माझा एकुलता एक भाचा. कर्जतच्या वृद्धाश्रमाचं गुळगुळीत माहितीपत्रक खिशात घेऊन महिनाभर फिरतोय. म्हणे, "आत्या, तिसरा मजला, बावन्न पायऱ्या, एखाद दिवशी तोल गेला तर?" मी म्हटलं, तू आधी धापा न टाकता एकदा चढून दाखव, मग माझ्या तोलाची काळजी कर. मी रोज सकाळी एका पायावर उभी राहून साठ आकडे मोजते. त्याला दोन पायांवर जमायचे नाहीत.

लालबागची विसर्जन मिरवणूक निघून दोन दिवस झाले तरी रस्त्यात गुलाल आणि अनाथ चपला. बस रांगत परळला पोचली. गिरणीच्या आवारात आता काचेचा मनोरा आहे. मागे एकच जुनी शेड उरली आहे, तीत विहंगची कंपनी. विहंग चौतिशीचा, मालक आणि इंजिनियर दोन्ही, वाक्यागणिक "मॅडम". विमान कंपनीच्या तांत्रिक कागदपत्रांत मी छत्तीस वर्षं घालवली, म्हणून त्याने मला निवडलं.

शेडमध्ये विमानाच्या केबिनचा एक तुकडा ठेवलाय. आठ खुर्च्या, दोन खिडक्या, घट्ट बंद होणारं दार. दहा ते एक त्यात बसायचं आणि हवा कशी वाटते ते चांगल्या इंग्रजीत लिहायचं: वास, आवाज, झोत, कानांना दडे बसतात का. कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सच्या छड्या अखेर कामी आल्या.

यंत्र शेजारच्या चौथऱ्यावर. विमानात दाबलेली गरम हवा एका चक्रातून सोडली की ती पसरते आणि गारठते. तीच प्रवासी श्वासात घेतात. त्या चक्राचा शाफ्ट लाटण्याएवढा, मिनिटाला चाळीस हजार फेरे. आजवर तो तेलातल्या बेअरिंगवर फिरायचा आणि तेलाचा धूर लोकांच्या नाकात जायचा. त्या तक्रारींचे गठ्ठे मी स्वतः बांधलेत. विहंगने तेलच काढून टाकलं. भोवती विजेचे चुंबक, मधे शाफ्ट अधांतरी, कुठेही टेकलेला नाही. सेकंदाला हजारो वेळा यंत्र बघतं की तो किती सरकला, आणि परत मध्यावर ओढतं. केबिनमधली हवा डोंगरावरच्यासारखी होती. मी तसं लिहिलंसुद्धा.

माझ्या आधीपासून बसणारी एक बाई आहे, शांता. लालबागच्या चाळीतली, मालवणकडची. तिचा नवरा शिवा याच शेडमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर, होता. ती दुपारी दोन ते पाच बसते. मला म्हणाली, "बसा हो मॅडम, हय काय्येक कळणा नाय. नुसतो थंड वारो." लिहिता येत नाही, म्हणून अंगठ्याने बरं-वाईट सांगते. चांगलं आहे, पगारी झोप.

गुरुवार, ११ सप्टेंबर

विहंगने आज पडदा दाखवला. काळ्या चौकटीत हिरवा ठिपका. म्हणजे शाफ्टचा मध्य. केबिन रिकामी असली की ठिपका जेवणावरच्या माशीसारखा भिरभिरतो. शांता बसली की शांत होतो. मी बसले आणि तो टाचणीच्या टोकासारखा गप्प. विहंग हरखून म्हणाला की असा ठिपका त्याने जन्मात पाहिला नव्हता. मी विचारलं, माणूस बसल्याने यंत्राला काय फरक पडतो? तर म्हणे, वजनाने केबिन स्थिर होते. मला पटलं नाही. शांता माझ्या दीडपट आहे.

पण खरं सांगायचं तर सुखावले. निवृत्तीनंतर कुणी माझ्यामुळे काही नीट चाललंय असं म्हटलं नव्हतं.

सोमवार, १५ सप्टेंबर

शांता आवारात पडली. सपाट फरशीवर. ओलं नाही, केळीचं साल नाही. मी तिच्या रबरी सपातांना दोन शब्द सुनावले. ती भिंत धरून उठली आणि भिंत धरूनच चालायला लागली. म्हणाली, हल्ली असंच होतं, चार महिने झाले; मुलगी श्रेया हात धरून चाळीचा जिना उतरवते. तिच्या आधी पोस्टातले एक निवृत्त गृहस्थ बसायचे. ते आता अंथरुणावर आहेत. आजार काही नाही, उठून बसवलं की कलंडतात.

मी म्हटलं, म्हातारपण म्हणतात त्याला. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

जिन्याच्या चाळिसाव्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि पायरी तिथे नव्हती. म्हणजे होती, मलाच ती सापडली नाही. गुडघा सोलवटला. हितेंद्र नेमका आला होता. त्याने खिशातलं माहितीपत्रक काढून टेबलावर ठेवलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

एका पायावर: सोमवारी सत्तेचाळीस. काल तेहेतीस. आज अठरा.

मी नोंदींवर आयुष्य काढलंय. नोंदी खोटं बोलत नाहीत. बसण्याआधी मोजते, बसून आल्यावर मोजते. दर वेळी कमी. रविवारच्या सुट्टीने थोडं परत येतं, सगळं येत नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर

विहंगसमोर आकडे टाकले. वाटलं होतं हसेल, नाहीतर घाबरेल. त्याने शांतपणे कागद वाचला, आणि "मॅडम, किती व्यवस्थित लिहिलंय" म्हणाला.

मग समजावून सांगितलं, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. चुंबक शाफ्टला धरून ठेवतात, पण त्याला स्थिर करू शकत नाहीत. बेअरिंगच्या गोळ्या काढल्या, तेल काढलं, तर स्थिरपणा कुठून तरी आणायला हवाच. तो जवळच्या माणसातून येतो. कसा, ते त्यालाही ठाऊक नाही. येतो एवढं खरं. विमानात एकशेऐंशी माणसं असतात, प्रत्येकाकडून चिमूटभर जाईल, उतरताना एखाद्याला गरगरेल. इथे एकच माणूस बसतं, म्हणून त्याच्या वाट्याला जरा जास्त येतं.

मी विचारलं, मग तू का बसत नाहीस? म्हणाला, "मला बाइक चालवायची असते ना, मॅडम."

येत्या सोमवारपासून बुधवार संध्याकाळपर्यंत सलग तीन दिवसांची चाचणी आहे. गिऱ्हाइकाचा परदेशी तपासनीस येणार. आत एक माणूस सतत हवं, जेवणखाण आत. तीन दिवसांनी त्या माणसाचं काय होईल, मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. म्हणाला, "शांताबाई किंवा तुम्ही. रजिस्टर तुमच्याकडे आहे, नाव तुम्हीच घाला."

नालायक! पोलिसांत जाईन म्हटलं. काय सांगणार होते? की यंत्राने माझा तोल खाल्ला? हितेंद्रला तेवढंच हवंय.

तासभर बसून राहिले. तिला मुलगी आहे, हात धरून जिना उतरवणारी. मला तो जिना एकटीला चढायचा आहे. तिचं तर निम्मं गेलेलंच आहे.

शांताचं नाव घातलं. स्वच्छ अक्षरात.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

तीन दिवस बसले नाही. एका पायावर: सव्वीस. परत येतंय.

शांताला सांगितलं की मोठ्या चाचणीसाठी तिची निवड झाली आहे. तिचे डोळे भरून आले. "मॅडम, तुमी माझा नाव घातलास? देव बरा करो तुमचा!" घरून घावणे आणले माझ्यासाठी, डब्यावर फडकं बांधून. मी खाल्ले. चांगले होते.

सोमवार, २९ सप्टेंबर

सकाळी दहाला दार बंद केलं. श्रेया तिला हात धरून आत बसवून गेली. ठिपका टाचणीसारखा. मी बाहेर पडद्यासमोर. एका पायावर: एकतीस.

मंगळवार, ३० सप्टेंबर

तिला चमचा तोंडापर्यंत नेता येत नाही. गालाला लागतो, कानाला लागतो. माइकवरून सारखी हाका मारते, मॅडम, मी पडतंय. खुर्चीत पट्टा बांधून बसलेली बाई पडणार कुठे, असं मी तिला म्हटलं. मग आवाजाचं बटण कमी केलं.

एका पायावर: चाळीस.

बुधवार, १ ऑक्टोबर

हात स्थिर असेतो लिहून ठेवते.

विहंग तपासनीसाला आणायला विमानतळावर गेला होता. शेडमध्ये मी एकटी. अकराच्या सुमाराला बटण वाढवलं. ती कधीची बोलत होती कोण जाणे. आज खंडेनवमी. यंत्राला आज विसावा द्यायचा असतो, ती म्हणत होती. "आमचो शिवा हयच साच्यांका हार घाली. मालक कितीव कंजूष असांदे, आजच्या दिसाक पट्टो उतरवी. मॅडम, बंद करा गे बाये."

बाये म्हणाली मला.

मला सुचलं की याला कुणी नाव ठेवू शकणार नाही. या आवारात शंभर वर्षं खंडेनवमीला मुख्य खटका खाली ओढत आले. यंत्र थांबेल, चाचणी मोडेल, आणि दोष सणाचा. भिंतीवरचा लाल खटका मी खाली ओढला.

तो फक्त चुंबकांचा होता. हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बाहेर जनरेटरवर चालतो. कागद मीच नीट लावलेत आणि मलाच आठवलं नाही. हवा येत राहिली, शाफ्ट फिरत राहिला, धरायला चुंबक नाहीत. तो खाली आपटायला हवा होता. किंकाळीसारखा आवाज होईल, असं त्या कागदांत आहे.

आवाज झाला नाही. पडदा बॅटरीवर चालू होता. ठिपका मध्यावर. हललासुद्धा नाही.

खिडकीतून पाहिलं. शांता खुर्चीत नव्हती. खुर्चीच्या वर होती, दोन बोटं. पाठ टेकलेली नाही, हात टेकलेले नाहीत, पाय टेकलेले नाहीत. इतकी बारीक थरथरत होती की तिच्या कडा दिसत नव्हत्या. तोंड उघडं, आवाज नाही. आख्खा शाफ्ट ती एकटी धरून होती.

मी दार उघडलं आणि तिचा हात धरला. का, ते विचारू नये. आयुष्यात कुणाला न मागता हात दिला तो हा एकदा.

ती धपकन खुर्चीत बसली. नाडी नव्हती.

ठिपका मध्यावरच होता. आणि माझ्या चपलांखाली फरशी —

संध्याकाळ

विहंग आला. दारातूनच सगळं समजला. मी हात पुढे केला तर तीन पावलं मागे गेला. म्हणाला, मला शिवू नका मॅडम, चुंबक बंद असताना जो शिवेल त्याच्याकडे जातं, मग तो कितीही लांब गेला तरी सुटत नाही. खटका मला वर ढकलवेना, तू कर, म्हटलं. नाही म्हणाला. तपासनीस पडद्यासमोर उभा होता, चुंबकांना विजेचा एक थेंब लागत नाही हे बघून टाळ्या वाजवत होता.

शांतासाठी डॉक्टर आला. वय झालं होतं, असं लिहून दिलं. श्रेयाला निरोप धाडलाय.

टॅक्सीने घरी. कठड्याला धरून वर ओढत आले. वजनच नव्हतं. वाटेत शेजारच्या दर्शनाने हात पुढे केला. मी ओरडले तिच्यावर. लांब राहा, म्हटलं. कुणालाही शिवले नाही. एवढं तरी लिहून ठेवते.

गुरुवार, २ ऑक्टोबर, सकाळ

झोप नाही. गादीला पाठ लागत नाही.

विहंगचा फोन. शनिवारपर्यंत चालू ठेवणार. तुम्ही शांताबाईंपेक्षा टिकाल मॅडम, म्हणाला. हवा तोड, म्हटलं. फोन ठेवला.

दात एकमेकांवर — अक्षर बघा माझं — छत्तीस वर्षांत असं —

दुपार

हाताच्या कडा दिसत नाहीत.

शनिवारपर्यंत टिकत नाही. संध्याकाळपर्यंतसुद्धा नाही.

खाली हितेंद्रचा आवाज. दसरा. सोनं द्यायला आलाय. बरोबर जुई. त्याची मुलगी, आठ वर्षांची. घरात मला हसवणारं एवढंच एक माणूस. धावत येते, तळव्यावर आपट्याची पानं ठेवते, पाया पडते. दर वर्षी. शिकवलंय मीच, नीट वाकायचं, दोन्ही हात पावलांना —

पहिला मजला. हितेंद्र धापा टाकतोय. ती पुढे आहे.

दार उघडं आहे. कडी सहा पावलांवर. जाऊ शकते. ओरडू शकते. कालच्यासारखं. लांब राहा, एवढंच —

दुसरा मजला. आत्याआजी, आत्याआजी करतेय.

आठ वर्षांची. किती स्थिर असतात या वयात. लंगडीत कधी पडत नाही ती. ती किती तरी दिवस —

नाही.

नाही. ओरडायचं. आत्ता —

दारात आली. हातात पानं. हसतेय.

मी पाय पुढे के