सासरेबुवांची निळी गाडी

२ फेब्रुवारी, सोमवार

बायको आज ट्रेनिंगला परगावी गेली. येणार थेट २७ ला. स्टेशनवर तिचं एकच पालुपद, बाबांचा व्यायाम चुकवू नकोस. मी म्हटलं, अगं, मी आहे ना. गाडी सुटेपर्यंत ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. प्रेम, दुसरं काय.

सासरेबुवा सूट शिवणारे शिंपी. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर असतात. झटका आला तेव्हापासून उजवा हात बसलाय आणि दुकान बंद आहे, कारण कापड बेतायचं आणि कापायचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. शेजारच्या चष्मेवाल्याचा त्या गाळ्यावर डोळा आहे. २८ ला डॉक्टरीणबाई हात तपासणार, मग ठरणार. हात चालला तर दुकान, नाही तर चष्मे.

व्यायाम म्हणजे रबरी चेंडू दाबणे, टॉवेल पिळणे. कंटाळवाणा प्रकार. अशाने कुणाचा हात सुधारतो? माणसाला मोटिव्हेशन लागतं. या विषयावर मी ऑफिसात बसून बराच विचार केला.

संध्याकाळी गेमिंग कन्सोल घेऊन आलो. केवळ औषध म्हणून.

३ फेब्रुवारी

कन्सोलविषयी पहिलं मत: देखणा. काळा, गुळगुळीत, टीव्हीशेजारी ठेवला तर आपण मोठ्या पगाराचे वाटतो. सोबत एक कंट्रोलर, दुसरा मी वेगळा घेतला, सासरेबुवांसाठी. कंपनीने फक्त सेल टाकायचे ठेवलेत, बाकी सगळं आपोआप. म्हणजे अपडेट आपोआप सुरू झालं आणि संपेचना. त्यामुळे आज व्यायाम नाही. याला माझा इलाज नाही.

बायकोला फोनवर सांगितलं, व्यायाम जोरात सुरू आहे. उद्याचं आजच सांगितलं, एवढंच.

४ फेब्रुवारी

रेसचा गेम लावला. स्क्रीनचे दोन भाग, वर माझी लाल गाडी, खाली त्यांची निळी. सासरेबुवांनी कंट्रोलर मांडीवर ठेवून उजव्या अंगठ्याने बटण दाबलं. निळी गाडी सुर्रकन मागे गेली आणि भिंतीवर आदळली. ते इतके हसले की ठसका लागला. झटका आल्यापासून पहिल्यांदाच हसले असावेत. जावईबापू, मागे का होईना, गेली की, असं परत परत म्हणत होते.

मशीनवर टीका: फॅमिली मोडमध्ये एकाने गाडी ठोकली की दोघांची रेस बाद. संध्याकाळभरात मी एकदाही शेवटच्या रेघेला पोचलो नाही. मी विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्या तपासतो. चूक कुणाची हे मला लांबून कळतं. आजच्या सगळ्या अपघातांत चूक निळ्या गाडीची होती.

६ फेब्रुवारी

भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. टीव्हीचा रिमोटही. घरात सेल नव्हते, म्हणून दोन नंबरच्या कंट्रोलरमधले काढून दोन्हीकडे घातले. तात्पुरते.

गंमत म्हणजे गेमचं काहीच अडलं नाही. निळी गाडी सुरुवातीच्या रेघेवर शांतपणे उभी राहते, कुणाला ठोकत नाही, रेस बाद होत नाही. आज मी तिसरा आलो! सासरेबुवा शेजारी बसून दाबत होते. त्यांना सांगायचं ओठांवर आलं होतं, पण नीट विचार केला. व्यायाम बोटांचा आहे, गाडीचा नाही. बोट दाबलं जातंय ना? झालं तर मग. उलट सांगितलं तर ते दाबायचंच सोडतील. तेव्हा न सांगणं त्यांच्याच हिताचं.

उद्या सेल आणणे.

९ फेब्रुवारी, सोमवार

कंट्रोलर हल्ली हलका लागतो, असं सासरेबुवा म्हणाले. हातात ताकद आल्याचं यापेक्षा मोठं लक्षण कोणतं? बायकोला लगेच कळवलं. ती खूश.

सेल राहिले. ऑफिसातून निघायला उशीर, मग चौथ्या लेव्हलचं दडपण.

१२ फेब्रुवारी

मशीनबद्दल: चित्र इतकं जिवंत की वळणावर माझं अंग झुकतं. तासाभराने पंखा घरघरायला लागतो, मागची बाजू तापते. दहापैकी नऊ गुण. एक गुण पंख्याने खाल्ला. ऑफिसच्या ग्रुपवर सविस्तर लिहिणार आहे.

आज लॅप रंगात आलेला असताना सासरेबुवा म्हणाले, पहिल्या दिवशी मागे तरी गेली होती, आता जागची हलत नाही. मी म्हटलं, दमाने घ्या. ते बराच वेळ आपल्या हाताकडे बघत होते. उलटा केला, सुलटा केला. खेळात अगदी गुंतलेत.

१५ फेब्रुवारी, रविवार

चष्मेवाला येऊन गेला. नेमका मी दुसऱ्या नंबरवर असताना. न बघताच या, बसा म्हटलं. तो सासरेबुवांना विचारत होता, हात काय म्हणतो? त्यांनी उत्तर द्यायच्या ऐवजी टीव्हीकडे बोट केलं. तिथे निळी गाडी उभी होती. चष्मेवाल्याला काय समजलं कोण जाणे, पण जाताना हळहळल्यासारखं करून गेला. मला तो माणूस आवडत नाही. माझी रेसही गेली.

१७ फेब्रुवारी

बायकोचा हट्ट, व्हिडिओ पाठव. पाठवला. सासरेबुवा दाबताहेत, टीव्हीवर लाल गाडी सुसाट. तिने फोन केला तेव्हा आवाज भरून आला होता. बाबांची गाडी कुठली, असं विचारलं. मी म्हटलं, ती बघ, पुढची पळतेय ना! आता पुढची गाडी पळत होती हे काही खोटं नाही. ती रडायलाच लागली. मग म्हणाली की उगाच शंका घेतली तुझ्यावर, तू म्हणून हे केलंस.

व्हिडिओ माझ्या फोनमधून काढून टाकला. उगाच जागा अडते, म्हणून.

उद्या सेल नक्की. पाकीट आणलं की आधी त्यांचा कंट्रोलर.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सेल आणले! शब्द पाळला. पण फायनलच्या शेवटच्या वळणावर माझ्याच कंट्रोलरने मान टाकली. त्या क्षणी दुसरा काय मार्ग होता? पाकिटातले दोन सेल मला घातले. पाकिटात दोनच होते. पुढच्या वेळी मोठं पाकीट घेणे.

फायनल जिंकली. सासरेबुवांनी डाव्या हाताने माझी पाठ थोपटली. म्हणाले, तुमच्या बोटांत जादू आहे जावईबापू. चांगला माणूस.

२२ फेब्रुवारी

सासरेबुवा जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडलेत. मी विचारलं, बरं वाटत नाही का? म्हणाले, मला काय धाड भरलीये.

मग मी चहाला उठलो तेव्हा त्यांचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं. चष्मेवाल्याशीच. सोमवारी या, दोन तारखेला, किल्ली देतो. नाही, तपासणीची वाट बघायची गरज नाही. मला कळलंय.

चहा उतू गेला.

दुकान द्यायला निघाले? आता? मी काही त्यांना तसं सुचवलं नव्हतं. हे कुठेतरी लिहून ठेवलेलं बरं, म्हणून लिहितोय. अर्थात वयाप्रमाणे माणसाने आराम केला तर त्यात वाईट काय, असाही एक विचार आहे. तो मी बराच वेळ करून पाहिला. बसला नाही.

योजना: उद्या गुपचूप सेल घालायचे. गाडी धावणार, म्हातारा खूश, चष्मेवाल्याचा पत्ता कट, कुणाला काही सांगायला नको. साधी गोष्ट आहे, उगाच घाबरलो.

२३ फेब्रुवारी

सेल घातले. माझ्याच कंट्रोलरमधले काढून. यात त्याग आहे हे कुणाच्या लक्षात येणार नाही, पण असो. कंट्रोलर सासरेबुवांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, आज बघाच तुम्ही. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला. म्हणाले, बस झालं आता. मी म्हटलं, एकदाच. ते म्हणाले, हात जोडतो जावईबापू, नको. जोडताना उजवा हात डाव्याने वर उचलून आणला.

मी खूप आग्रह केला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

२५ फेब्रुवारी

पुन्हा प्रयत्न. नाही. चेंडू दाबता का विचारलं, तर म्हणाले, आजवर कधी काढला नाहीत, आता कशाला?

मशीनला हात लावलेला नाही. लावावासा वाटत नाही. पंख्याचा दोष, दुसरं काही नाही.

बायकोला सगळं सांगून टाकावं का? फोनवर अशा गोष्टी नीट समजत नाहीत. आल्यावर सांगेन. शांतपणे. तिचा प्रवासाचा शीण गेला की.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आली. माझ्यासाठी स्वेटर आणलाय. आल्या आल्या बाबांच्या गळ्यात पडली. म्हणाली, तुमची गाडी दाखवा आधी. सासरेबुवा तिच्यासाठी हसले, पण माझ्याकडे बघून त्यांनी मान खाली घातली. जणू चोरी त्यांनीच केलीये. मी म्हटलं, मशीन तापतं, आज त्याला विश्रांती.

सांगितलं नाही. शीण गेलेला नव्हता. उद्या तपासणीनंतर सांगितलेलं जास्त बरं, तोवर चित्र स्पष्ट होईल. स्वेटर घट्ट होतो.

२८ फेब्रुवारी, शनिवार

चित्र स्पष्ट झालं.

डॉक्टरीणबाईंनी आधी मनगट फिरवून पाहिलं, मग एकेक बोट. तीन बोटं ढिलीच. अंगठ्यापाशी आल्या आणि थांबल्या. आपलं बोट पुढे करून म्हणाल्या, दाबा. परत दाबा. मग म्हणाल्या, अंगठा आणि पहिलं बोट, यांत इतका जोर येईल असं मला वाटलंच नव्हतं, काय केलंत काय तुम्ही? बायकोने माझ्याकडे पाहिलं. असं तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मी कॉलर सारखी केली.

सासरेबुवा म्हणाले, कसला जोर बाई, उगाच धीर देऊ नका. मी डोळ्यांनी बघितलंय. महिनाभर दाबतोय, गाडी तसूभर हलत नाही. पहिल्या दिवशी निदान मागे गेली, नंतर तेही गेलं. हात संपला माझा. सोमवारी किल्ली देऊन टाकतोय.

बायको म्हणाली, अहो बाबा, व्हिडिओत तर गाडी पळत होती. ते म्हणाले, ती लाल. ती यांची.

माझ्या कपाळाला घाम आला होता, तो पुसावा की नाही ठरत नव्हतं. डॉक्टरीणबाई पुन्हा तो अंगठा हातात घेऊन विचार करत राहिल्या. मग म्हणाल्या, हा अंगठा बटण दाबणार नाही असं होणारच नाही. तुमचं ते मशीनच भिकार असेल.

गप्प बसायला हवं होतं. कुणीही बसलं असतं. पण दहापैकी नऊ गुण दिलेल्या मशीनला भिकार म्हणायचं? तोंडातून निघून गेलं, मशीन एक नंबर आहे हो, त्यात सेलच नव्हते.

बायको म्हणाली, काय?

मग बाकीचं सांगावंच लागलं. घड्याळाचं, रिमोटचं, फॅमिली मोडचं. बोलता बोलता मलाच ते ऐकू येत होतं. डॉक्टरीणबाई खिडकीकडे बघायला लागल्या. बायकोचा चेहरा मी पाहिला नाही, पाहण्याची हिंमत नव्हती.

सासरेबुवांनी एवढंच विचारलं, सेल नव्हते? म्हणजे मी दाबत होतो तेव्हा ते दाबलं जात होतं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चांगलंच दाबलं जात होतं. आता बाकीची बोटंही येतील, पण मेहनत करावी लागेल, आणि गाळा इतक्यात कुणाला देऊ नका.

त्यांनी बायकोचा फोन मागून घेतला. ती नंबर लावून द्यायला लागली तर नको म्हणाले. उजव्या हाताच्या अंगठ्याने एकेक आकडा दाबला, सावकाश, प्रत्येक आकड्यानंतर स्क्रीनवर उमटला का ते बघून. चष्मेवाल्याला म्हणाले, दुकान द्यायचं नाही. पलीकडून बरंच बोलणं आलं. ते ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाले.

येताना टॅक्सीत मी पुढे, ती दोघं मागे. शेवटी मीच मागे वळून सासरेबुवांना विचारलं, रागावलात का. ते म्हणाले, तुम्ही ऑफिसला गेलात की मी टीव्ही न लावताच तो कंट्रोलर घेऊन बसायचो. दुपारभर. म्हटलं, गाडी समोर नसली तर धास्ती वाटणार नाही, कदाचित एखाद्या वेळी लागेल बटण. बोट दुखून यायचं तोवर दाबायचो.

मला वाटायचं, ते दुपारी झोपतात.

अंगठ्यात जोर आला तो एका परीने माझ्यामुळेच, असं एक वाक्य माझ्याकडे तयार होतं. डॉक्टरीणबाईंच्या दारातच तयार झालं होतं. ते बोलता आलं नाही. लाज वाटली. बायकोने तिच्या बाजूची काच खाली केली.