पेटी व कागद नसलेल्या घड्याळाची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा दागिन्यांच्या आणि घड्याळांच्या पेट्या बनवणे, आज माझ्या जिन्याखालच्या कामाच्या खोलीत बसून, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मी शुद्धीवर आहे. सकाळी उठलो, देवापुढे बसलो, चहा घेतला, हात थरथरत नाही. "कोणाच्याही दडपणाखाली नाही" असेही अशा कागदात लिहितात. ते मला लिहिता येत नाही. माणसाचे दडपण नाही, पण भीती आहे. आणि ती लपवून लिहिले, तर हा कागदही मी पूर्वी केलेल्या काही कागदांसारखाच होईल.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका, आम्ही हे रोज करतो." मी म्हणालो, "तुम्ही रोज करता हो, मी पहिल्यांदाच करतोय." त्या हसल्या. मला हसू आले नाही.

कलम पहिले. राहत्या दोन खोल्या, ही कामाची खोली आणि बँकेत जे असेल ते सर्व माझ्या पत्नीचे. तिला कोणीही "आता आमच्याकडेच राहा" असा आग्रह करू नये. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात तिला झारा सापडत नाही, आणि मग ती दिवसभर कोणाशी धड बोलत नाही. या कागदात नाव न घेतलेले जे काही निघेल, तेही तिचेच.

कलम दुसरे. पुठ्ठे दाबायचा शिकंजा, लोखंडी पट्ट्या, सरस वितळवायचे भांडे आणि पुठ्ठ्याचा साठा शेजारच्या बाइंडरला द्यावा. माझी कात्री त्याच्या उपयोगाची नाही, कारण मी डावखुरा आणि ती डाव्या हाताची. ती माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावी. तिला घरात सगळे काडी म्हणतात, आणि हात तिने माझाच घेतला आहे. ड्रिल मशीन सहा वर्षांपासून माझ्या मेव्हण्याकडे आहे, ते त्याला दिले असे समजावे. त्या मशीनचा डबा माझ्याकडे आहे. तो न्यायला त्याने स्वतः यावे, म्हणजे काही मागायचे नसताना तो एकदा तरी या घरी येईल.

कलम तिसरे, आणि हेच लिहायला बसलो आहे.

पत्नीच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खालच्या कप्प्यात, जुन्या मोज्यात गुंडाळलेले एक घड्याळ आहे. किल्लीचे, सोन्याच्या कवचातले, पासष्ट-सत्तर वर्षांचे, मोठ्या नावाच्या कंपनीचे. तबकडी मूळची आहे. चारच्या आकड्याजवळ ती चहाच्या डागासारखी पिवळी झाली आहे. त्याला पेटी नाही. विक्रीचा कागद नाही, हमीपत्र नाही. हे घड्याळ मी गेल्या वर्षी एका बोटीवरच्या इंजिनियरच्या विधवेकडून घेतले. त्यासाठी माझ्या दोन ठेवी मोडल्या आणि घरात सांगितले की विम्यात घातल्या. पत्नीने याबद्दल मला माफ करावे.

त्या बाईंनी घड्याळ टेबलावर ठेवतानाच सांगितले होते, "खोका नाही, कागद नाही. ह्यांनी नवं असतानाच बंदरावर फेकून दिला खोका. म्हणाले, घड्याळ मनगटावर घालायचं असतं, कपाटात नाही."

मी म्हणालो, "मला तसंच हवंय."

"हां, म्हणजे आता किंमत पाडून मागणार."

"नाही. तुम्ही सांगाल ती."

बाईंनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे नीट पाहिले. "तुम्ही बरे आहात ना?"

मी बरा नव्हतो. घड्याळजीकडे नेऊन मागचे झाकण उघडून घेतले. आतल्या बाजूला दुरुस्ती करणाऱ्यांनी सुईने ओरखडलेल्या बारीक खुणा होत्या, पाच जणांच्या, पाच वेगवेगळ्या काळांतल्या. घड्याळजी म्हणाला, "याच्या पोटात सगळं लिहिलंय. बाहेरचा कागद कशाला हवा?" मला तिथेच, त्याच्या स्टुलावर, रडू आले. त्याला वाटले, घड्याळ वडिलांचे असेल.

आता हे घड्याळ मी का घेतले ते.

अठरा वर्षांपूर्वी माझ्याकडे जुन्या घड्याळांचा एक व्यापारी येऊ लागला. तो पाणी मागतानासुद्धा कानाशी येऊन मागायचा, म्हणून आम्ही त्याला कुजबुज्या म्हणायचो. त्याने मला एक जुनी रिकामी पेटी दाखवली आणि तशीच दुसरी करून मागितली. मी केली. मग म्हणाला, थोडी जुनी दिसू दे. मी कोपरे घासले, मखमल उन्हात ठेवली, बिजागरी मिठाच्या पाण्यात बुडवली. मला त्या कामाची गोडी लागली, हे मी कबूल करतो. चांगली नवी पेटी कोणीही करील. चांगली जुनी पेटी करणारा मी एकटा होतो.

नंतर त्याने हमीपत्रे आणली. छापलेली कोरी कार्डे, कुठून आणली ते मी विचारले नाही. त्यावर घड्याळाचा क्रमांक, तारीख आणि दुकानाचे नाव शाईने भरायचे होते. गावच्या शाळेत गुरुजींनी माझा डावा हात बांधला नाही. उलट सगळ्या वर्गाला माझी पाटी दाखवून म्हणाले होते, "असं अक्षर काढा." त्या अक्षरात मी ती कार्डे भरली.

मी एकदाच विचारले, "हे खोटं नाही का?"

कुजबुज्या म्हणाला, "घड्याळ खरंच आहे की रे. नुसतं उघडं आहे. उघड्याला कपडे घालणं पाप असतं का? तू शिंपी आहेस, शिंपी!"

मला ते उत्तर पुरले. का पुरले, याचा विचार मी तेव्हा केला नाही. नंतर मात्र रोज केला. अशा बावीस पेट्या मी केल्या. त्या बावीस घड्याळांचे क्रमांक मी एका वहीत लिहून ठेवले आहेत. ती वही या कागदासोबत आहे. ती घड्याळविक्रेत्यांच्या संघाला द्यावी, आणि त्यांनी ज्याला सांगायचे त्याला सांगावे.

पाच वर्षांपूर्वी काडीचे लग्न झाले. जावई लिफ्टचे मिस्त्री. गड्याचा स्वभाव असा की लिफ्ट अडकली तर आतल्या माणसाशी आधी बोलत बसेल, मग पाना काढील. वडिलांच्या वाटणीतून आलेले सगळे घालून त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एक घड्याळ घेतले, कारण त्यांच्या वडिलांनी दुकानाच्या काचेआड तसले घड्याळ आयुष्यभर बघितले होते. काडीसोबत ते मला दाखवायला घेऊन आले. याच टेबलावर पेटी ठेवली आणि म्हणाले, "मामा, नुसतं घड्याळ नाही हां. ओरिजिनल पेटी, ओरिजिनल कागद. तुम्ही पेटीतले जाणकार, सांगा कशी आहे."

मी झाकण उघडले. मखमलीची लव झाकणाकडे वळलेली होती. उजव्या हाताचा कारागीर ती कधी तशी लावत नाही. कार्डावर क्रमांकापुढे दोन बारीक रेघा होत्या. आकड्यापुढे कोणी आकडा वाढवू नये म्हणून गुरुजींनी तशा मारायला शिकवल्या होत्या.

जावई वाट पाहत होते. मी म्हणालो, "काम चांगलं आहे."

काडी म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं? बाबा कोणाच्याही पेटीला चांगलं म्हणत नाहीत!"

त्या दिवसापासून मी देवापुढे बसतो, हात जोडतो, पण मागत काही नाही. ज्याच्यापासून लपवायचे आहे त्याच्याकडेच काय मागणार? तेव्हाच ठरवले की तसेच एक घड्याळ, ज्याला मी किंवा माझ्यासारख्या कोणी कपडे घातलेले नाहीत, शोधून जावयाला द्यायचे. ते गेल्या वर्षी मिळाले. द्यायला मात्र तोंड उघडले नाही.

आता जावयांना स्वतःचा कारखाना काढायचा आहे, म्हणून ते आपले घड्याळ लिलावाच्या एका मोठ्या पेढीला विकायला देत आहेत. पेटी व कागद मूळचे आहेत असे त्यांनी पेढीला सहीनिशी लिहून दिले आहे. शुक्रवारी ते वस्तू नेऊन देणार. तिथे निळ्या दिव्याखाली तपासतात. त्या उजेडात आजचा कागद चकाकतो, जुना कागद मुकाट पडून राहतो. माझ्या पेटीच्या अस्तराखाली आजचा कागद आहे. म्हणजे शुक्रवारी दुपारपर्यंत माझा जावई लबाड ठरेल. नुसता पैशाने बुडणार नाही. त्याच्या सहीवर पुन्हा कोणी काम देणार नाही. आणि त्या वेळी मी दवाखान्यात बेशुद्ध असेन, किंवा नसेनच.

तीन आठवड्यांपूर्वी कुजबुज्याचा फोन आला. इतक्या वर्षांनी. "तुझ्या जावयाचं घड्याळ बाहेर पडतंय म्हणे. तू गप्प राहा, मी गप्प राहतो. पोरीचं घर आहे, विचार कर." तेव्हापासून फोन वाजला की पत्नीच आधी उचलते, कारण मी भिंतीला टेकून उभा राहतो. तिला वाटते झडप.

म्हणून मी असे ठरवतो. शिवणाच्या डब्यातले घड्याळ माझ्या जावयांना द्यावे. त्यांच्याकडची पेटी व कार्ड माझ्या हातचे आहे, हे त्यांनी या कागदाच्या आधारे कोणालाही दाखवावे. त्यांचे आतले घड्याळ खरे आहे की नाही, हे मला माहीत नाही. कुजबुज्या खरे म्हणाला होता, पण तो शब्द त्याचा आहे. कुजबुज्याला माझ्या मालमत्तेतले काही नको. त्याला या मृत्युपत्राची एक प्रत पोहोचवावी, आणि ती मोठ्याने वाचून दाखवावी.

येथपर्यंत लिहून मी पहिल्यापासून वाचले, आणि माझ्या लक्षात आले की हा कागद मी मेल्यावर उघडणार. शुक्रवार त्याच्या आधी येतो. मी जगलो तर हा उघडणारच नाही. मी अशा वेळेसाठी खरे लिहीत होतो, की जेव्हा मला कोणी प्रश्न विचारू शकणार नाही. पेटी जुनी करण्यासारखेच झाले हे. एवढे कळल्यावर मी फोन उचलला आणि जावयांना बोलावले. काडीला आणू नका म्हणालो.

कलम चौथे. पुढचे लिहितो ते माझ्यासमोर घडले आहे.

जावई अडीच वाजता आले. साक्षीदार म्हणून बोलावलेले शेजारचे तात्या, कोर्टातले निवृत्त कारकून, आधीच आले होते. दुसरा साक्षीदार बाइंडर येणार होता, तो आला नाही. मी हे कागद जावयांच्या हातात दिले. बसा म्हणालो, ते बसले नाहीत. उभ्यानेच वाचले. ते तिसऱ्या कलमाशी थांबले, मागे गेले, पुन्हा वाचले.

"काडीला माहीत आहे?"

"नाही."

"सासूबाईंना?"

"नाही."

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही एकटेच..." ते थांबले. मग म्हणाले, "मामा, मी तुम्हाला विचारलं होतं. याच टेबलाशी. मी विचारलं होतं की नाही?"

"विचारलं होतं."

"मी अख्ख्या सोसायटीत सांगत फिरलो, माझ्या सासऱ्यांनी पास केलेली पेटी आहे म्हणून."

तात्या मध्ये पडले, "जावईबापू, माणूस परवा टेबलावर चढणार आहे. जरा दमानं."

"दमानंच बोलतोय, तात्या. ओरडलो का मी?"

ते ओरडले नव्हते. ओरडले असते तर मला बरे वाटले असते. ते खिडकीशी गेले. मग विचारले, "सही कुठं करायची?"

तात्या घाईने म्हणाले, "छे छे, तुम्ही नको. ज्याला वाटा मिळतो त्यानं साक्ष घातली, तर त्याचा वाटा जातो. कायदा आहे. घड्याळ गमवाल. थांबा, मी बाइंडरला ओढून आणतो."

"मग घड्याळ कोणाला जाईल?"

"उरलेल्यात. म्हणजे तुमच्या सासूबाईंना."

"जाऊ दे. त्यांच्याच डब्यात आहे ना?" आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दवाखान्यात कधी जायचंय तुम्हाला?"

"उद्या संध्याकाळी."

"मग सकाळ मोकळी आहे. पेढी दहाला उघडते. हा कागद कोणाला दाखवायचा नाही मला. तुम्ही यायचं, आणि त्या माणसासमोर तोंडानं सांगायचं. मी शेजारी बसेन. मधे बोलणार नाही."

मी म्हणालो, "पोलीस आले तर?"

"आले तर आले."

मला गुरुवारची भीती होती. आता उद्याची जास्त आहे. तरी हे कलम पूर्ण करताना अक्षर बिघडलेले नाही, हे वाचणाऱ्याने पाहावे. तिसऱ्या कलमातले घड्याळाचे वाक्य मी खोडलेले नाही. जावयांनीच खोडू दिले नाही.

हे सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत डाव्या हाताने सही केली.

ठिकाण : जिन्याखालची कामाची खोली
मंगळवार, दुपारी साडेचार
(सही) लिहून ठेवणार, पेटीवाला

साक्षीदार १ : (सही) शेजारचे तात्या, निवृत्त कारकून. माझ्यासमोर सही झाली. लिहून ठेवणाराला दोनदा पाणी दिले.

साक्षीदार २ : (सही) जावई, लिफ्ट मिस्त्री. सर्व मजकूर वाचला. वाटा जातो हे समजून सही केली आहे. उद्या सकाळी साडेनऊला सासऱ्यांना घ्यायला येतो. त्यांनी तयार राहावे, आणि गोळ्या सोबत घ्याव्यात.