गच्चीची दक्षिण बाजू

प्रिय साधना,

चीक घट्ट व्हायला लागला की दांडा एकटीला ओढवत नसे, म्हणून तू जिन्यातून मला हाक मारायचीस. त्या सकाळीही मारलीस. पाणी भरून, गॅलरीतली राख झाडून मी वर आले. जड पातेलं दोघींनी फडक्यानं धरून गच्चीवर नेलं, जुन्या साड्या अंथरल्या. मी सोऱ्या दाबत होते आणि माझ्या कुरडया किती वाकड्या, ते तू खालच्या गोजराबाईंना ओरडून सांगत होतीस. तेवढ्यात कोळशाच्या वीजकेंद्रातली रात्रपाळी संपवून हे थेट गच्चीवरच आले. केंद्राच्या चिमणीकडं बघून म्हणाले, "वहिनी, वारं आपल्याकडं फिरलंय. लवकर झाका." तू म्हणालीस, "भावजी, तुमच्या साहेबांना सांगा, मीठ घातलंय आम्ही. वरून राख नको." हे हसले आणि त्यांना खोकला आला. तेव्हा तो नुसता खोकला होता. तू वाटीत गरम चीक दिलास, वर तेल-तिखट. टाकीला टेकून उकिडवे बसून ते खात राहिले.

गेल्या आठवड्यात शुभांगीचा फोन आला. तुझीच लेक ती, आडपडदा नाही. म्हणाली, "मावशी, आई माझ्याकडं येवल्यात रमत नाही. गच्चीवरचे सोलर पॅनेल उतरवणार आहेत असं कळलं. उन्हाची थोडी जागा सुटली तर भाडेकरू काढून चैत्रात परत येईन म्हणते. तू विचारून सांग ना." मी "विचारते" म्हटलं. आता सांगायची वेळ आली, तर फोन हातात घेववत नाही.

हे गेल्यावर मी वाचायला लागले, ते तू पाहिलंस. सातवीपर्यंत शिकलेली बाई वाचनालयात जाते म्हणून तू थट्टाही केलीस. सुरुवातीला मी फक्त फुप्फुसांचं वाचत होते. डॉक्टरांनी कागदावर कधी कोळसा लिहिलं नाही, विडी लिहिलं. हे विडी ओढत, तेही खरंच. मग वाचता वाचता खाणी आल्या, वॅगनी आल्या, सरकारची धोरणं आली. पेपरात एकाच पानावर वर छापलेलं असतं की सूर्याच्या आणि वाऱ्याच्या विजेत देश किती पुढं गेला, आणि खाली असतं की यंदा कोळसा कधी नव्हे इतका काढला. दोन्ही खरं. ह्यांना दाखवलं असतं तर म्हणाले असते, "भागू, कोळशानंच घर चाललं आपलं, लय नावं ठेवू नको." पण मला त्यांचा श्वास आठवायचा. देशाचं देश बघेल, आपल्या इमारतीत तरी कोळशाची वीज नको, असं मनानं घेतलं.

म्हणून आपल्या सेक्रेटरी विश्वेशनं सोसायटीच्या सभेत पॅनेलचा विषय काढला, तेव्हा मला आनंद झाला होता. सगळी गच्ची लागणार म्हणाला. तू म्हणालीस, "मग मी कुरडया कुठं घालू रे, तुझ्या टकलावर?" सगळे हसले, तोही हसला. विषय तिथंच मिटला असता. दक्षिणेकडची एक पट्टी सोडू या, असं कोणीतरी म्हणणारच होतं, अध्यक्षांच्या तोंडावर आलंही होतं. पण मी उठले. ह्यांचे शेवटचे महिने सांगितले. पाठीशी चार उशा लावून बसून काढलेल्या रात्री, खिडकी उघड म्हणायचे ते, आणि उघडली की झाक म्हणायचे ते. सगळे माना खाली घालून बसले. तूही. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण गेलेल्या माणसाचं नाव घेतल्यावर समोरच्यानं कुरडयांचं काय बोलावं? आणि तू तर ह्यांना चमच्यानं पेज भरवलेली. तू हात वर केलास. तो मी तेव्हा होकार समजले.

पॅनेल बसले. लिफ्ट आणि पंप उन्हावर चालू लागले, बिलं उतरली, सगळ्यांनी माझं कौतुक केलं. तू खाली पार्किंगमध्ये साड्या अंथरून पाहिल्यास, तर गाड्यांची धूळ. विश्वेश बिचारा चांगल्या मनानं विजेचं वाळवणयंत्र घेऊन आला, "फुकटची वीज आहे मावशी, वापरा." त्यातल्या कुरडया वरून कडक आणि आतून ओल्या राहिल्या. तळल्या तर फुलेनात. सातपूरची तुझी गिऱ्हाइकं एकेक करून तुटली. घर त्या गिऱ्हाइकांवर चालत होतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? ऊन फुकट असतं, वाया जातं, असं मी कितीदा वाचलं. ते आधीच कोणाच्या कामाला लागलेलं असतं, हे मला वाचूनही कळलं नाही आणि रोज डोळ्यांसमोर असूनही नाही. मग एक दिवस मी मंडईतून आले तर तुझ्या दाराला कुलूप. किल्ली गोजराबाईंकडं ठेवलीस, माझ्याकडं नाही. जिन्यात उभी राहून चार शिव्या दिल्या असत्यास तर मी ऐकल्या असत्या गं.

पॅनेल वाईट आहेत असं मी आजही म्हणणार नाही. चिमणीखाली कामाला जाणाऱ्या कोणाच्या तरी घरात खोकला कमी होईल. पण तुला बाजूला सारूनच ते व्हायला हवं होतं, असं नव्हतं. एक पट्टी पुरली असती.

रविवारी सभा झाली. आता बऱ्याच जणांच्या इलेक्ट्रिक गाड्या आल्यात, वीज पुरत नाही. म्हणून जुने पॅनेल उतरवून उंच सांगाडा उभारायचा आणि वर आणखी वाढवायचे. मी उभी राहिले. म्हटलं, साधनासाठी दक्षिणेकडची पट्टी मोकळी ठेवा, वर्षातले दोनच महिने लागते. विश्वेश म्हणाला, "सांगाड्याखाली ऐसपैस जागा होईल, मावशी. मस्त सावली." मी म्हटलं, "बाबा, सावलीत कुरडई वाळत नाही." कोणी हसलं नाही. गोजराबाईंनी हात वर केला होता, पण त्यांच्या गाडीवाल्या नातवानं बघितलं तसा खाली घेतला. मी पुन्हा बोलणार, तर विश्वेश अगदी हळू म्हणाला, "मावशी, मागच्या वेळी काकांचं तुम्हीच सांगितलं होतंत ना?" मी खाली बसले. ठराव मंजूर झाला. म्हणून शुभांगीला जे फोनवर सांगता आलं नाही, ते तुला लिहिते: जागा सुटली नाही, साधना. भाडेकरूला काढू नकोस. कुरडयांशिवाय नुसती माझ्याकडं राहायला ये, असंही लिहिणार होते, पण पाहुणी म्हणून तू या इमारतीत पाय ठेवणार नाहीस. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगाड्याची माणसं आली. मी वर जाऊन त्यांना चहा दिला.

तुझीच,
भागू