उज्दाचं दूध, नादोरचं विमान

चिरंजीव मिमून यास थोरल्या बहिणीचा, तामूचा सलाम आणि आशीर्वाद.

तू, लुबना आणि पोरं प्रवासाने थकला नसाल, तुझ्या सासूबाईंची कंबर बरी असेल, नादोरला वारा सुटला असेल. (विचारायची रीत आहे म्हणून विचारलं, उत्तराची घाई नाही.) इकडे बर्कानला संत्र्यांना पाणी आहे, आई ठीक आहे, आणि माझं डोकं कालपासून तापलेलं आहे.

आपल्या घरापासून तासाभरावर उज्दाचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला जरा लांब नादोरचा. देवाने बर्कान दोन्हींच्या मध्ये ठेवलं ते तुझी परीक्षा बघायला, आणि चार वर्षं तू सलग नापास होतो आहेस. दर वेळी नादोर. का, तर म्हणे ब्रुसेल्सहून त्या विमानाची वेळ सोयीची. कुणाच्या सोयीची ते मला विचार. तू बाहेर पाऊल टाकलंस की लुबनाच्या माहेरचे नऊजण दूध-खजूर घेऊन उभे. ज्यांचं दूध आधी, त्यांच्याकडे पहिला मुक्काम, पहिलं जेवण, आणि बॅगाही तिथेच उघडायच्या. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे येतोस तेव्हा तुझं पोट बिघडलेलं असतं आणि बॅगेच्या तळाशी चॉकलेटचा एक डबा उरलेला असतो, तोही चेपलेला. (मला साखर बंद आहे, चॉकलेटचं काही नाही. पण चेपलेला?)

आईला तुझा डबाही नको. तिला एकदाच, डोळ्यांत थोडा उजेड आहे तोवर, स्वतःच्या हाताने तुला विमानतळावर दूध पाजायचं होतं. ईदला फोनवर तू शब्द दिलास, या खेपेला उज्दा. त्या शब्दावर तिने चांदीची वाटी राखेने घासली, तीनदा. गुडघे धरून टॅक्सीत बसली. टॅक्सी आमच्याच ह्यांची, त्यामुळे रीतीप्रमाणे सातजण कोंबले, आणि दुधाचं भांडं माझ्या मांडीवर. वाटेत ह्यांचा, म्हणजे बूश्ताचा, फोन वाजला. वीस वर्षं हा माणूस एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात चहाचा पेला धरून गाडी हाकतो, पण कालच याला आठवलं की गाडी चालवताना फोन घेऊ नये. उतरल्यावर कळलं, तुझाच निरोप होता तो. लुबनाच्या भावाने तिकिटं परस्पर बदलली, नादोरला उतरतोय, ताईला समजाव. मला समजाव! ब्रुसेल्सला तू चाळीस माणसांवर मुकादम आहेस म्हणे. मेव्हण्यापुढे मात्र तोंडातून शब्द फुटत नाही.

उज्दाच्या विमानतळावर पोचलो, विमान उतरलं, माणसं बाहेर येऊ लागली. बूश्ता फोन कानाला लावून खांबामागे पांढराफटक उभा, आणि मी त्याच्या तोंडून एकेक शब्द उपसून काढत होते. तेवढ्यात मागे वळून बघते तर आई कठड्यापाशी पोचलेली, आणि तिने एका उंच पोराच्या ओठाला वाटी लावलेली. अगदी तुझ्यासारखे खांदे. तो बिचारा एकटाच. हातात पिशवी, न्यायला कुणी नाही. म्हातारीने पुढे केलेलं दूध नाकारणार कसं? प्याला, खजूर खाल्ला, तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं. दूध आपलं, म्हणजे पहिला मुक्काम आपला. तावरीर्तचा आहे, नाव इद्रीस, नऊ वर्षांनी आलाय, त्याची आई मागच्या हिवाळ्यात गेली. मी काय बोलणार? आणला घरी. तुझ्यासाठी केलेला शुक्रवारचा कुसकुस त्याने बसून पोटभर खाल्ला, वर दोन घास वाढूनही घेतले. चार वर्षं तू पुढच्या वर्षी करतो म्हणतोस ती फाटकाची कडी त्याने संध्याकाळच्या आत बसवली. तेव्हा सावकाश ये. तिसऱ्या दिवशी ये, दहाव्या दिवशी ये. तुझी जागा भरली आहे.

तुझी बहीण,
तामू

ता.क. इद्रीसने बॅग इथेच उघडली. त्याच्या आईसाठी घेतलेली शाल नऊ वर्षं त्याच्याजवळ पडून होती. ती आता आपल्या आईच्या खांद्यावर आहे. चेपलेली नाही.

ता.क. आईला तो तूच वाटलास आणि मी तसं वाटू दिलं, तिला फसवलं म्हणून मी रात्रभर तळमळले. सकाळी तिला खरं सांगायला गेले, तर म्हणाली, "मला ठाऊक होतं गं. मिमूनच्या कानामागे झाडावरून पडल्याची खूण आहे, याच्या कानामागे हाताला लागली नाही. पण पोर रडत होतं, वाटी मागे कशी घेऊ?"

ता.क. आता खरं काय ते. सोमवारी सकाळी उज्दाला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. दुसरा डोळा कधीच गेला, तुला सांगू दिलं नाही तिने. एवढ्याचसाठी उज्दाचा हट्ट होता. म्हणते, यातून उजेड आला तर उत्तम, पण नाही आला तर शेवटचं मिमूनला बघितलेलं असू दे. बूश्ता पत्र घेऊन तुझ्या सासऱ्यांच्या दारात उभा आहे आणि इंजिन त्याने बंद केलेलं नाही. उत्तर लिहू नकोस, गाडीत बस. लुबनाला आणि पोरांना आण, हवं तर त्या मेव्हण्यालाही आण. वाटी आईने पुन्हा घासून ठेवली आहे.